गोष्ट ऐकणारे मूल आणि गोष्ट सांगणारा माणूस

गेल्या दिवाळीत आमची नऊ वर्षांची नात बंगळूरहून आली होती. दुपारच्या वेळी घरातील मोठी माणसे जरा आडवी झाली असता तिने मागच्या खोलीतील पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी, वडिलांच्या वेळच्या महसुली पावत्यांखाली, तिला 'चांदोबा' मासिकाचा एक जीर्ण अंक सापडला. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची, खेळण्याची भाषा कन्नड. देवनागरी अक्षरे तिला हिंदीच्या तासामुळे ओळखता येतात. अडखळत, शब्द जोडीत तिने विक्रम आणि वेताळाची गोष्ट वाचून काढली. वेताळाने प्रश्न विचारला आणि पुढचे पान फाटलेले होते. ती आमच्याकडे येऊन म्हणाली, "आजोबा, राजानं काय उत्तर दिलं?" आम्हांला ते आठवेना. कधीकाळी आम्ही तो अंक चार-पाच वेळा तरी वाचला असेल. पण उत्तर काही आठवेना.

त्या प्रश्नाने आम्हांला विचारात पाडले. मुलांच्या अद्भुत गोष्टींतून कुतूहलाचा आणि मोठे होण्याचा काय संबंध सांगितलेला असतो, आणि बिदर-कलबुर्गीच्या आपल्या मुलुखात तो कसा दिसतो, याचा थोडा मागोवा येथे घेण्याचा प्रयत्न आहे. आम्ही साहित्याचे अभ्यासक नव्हे. आयुष्य तालुका कचेरीतील दप्तरांत गेले. परंतु जुन्या कागदांचा माग काढण्याची सवय जडलेली आहे, तिचाच येथे उपयोग केला आहे.

आपल्याकडील अद्भुत कथांचे मूळ शोधू गेले तर ते फार दूर जात नाही. गोदाकाठचे पैठण हे सातवाहनांचे प्रतिष्ठान. गुणाढ्याची 'बृहत्कथा' याच नगरीच्या राजाशी जोडलेली आहे. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त ती परंपरा संस्कृतात उतरविली, आणि वेताळाच्या पंचवीस कथाही त्यात समाविष्ट केल्या. या महाग्रंथाचा आरंभ मोठा विचार करण्यासारखा आहे. पार्वतीने शंकरापाशी, पूर्वी कोणीही न ऐकलेली गोष्ट सांगण्याचा हट्ट धरला. शंकराने दार लावून घेऊन गोष्ट सांगितली. पुष्पदंत नावाच्या गणाला राहवले नाही. तो गुप्तपणे आत शिरला आणि सारे ऐकून बसला. त्याला शाप मिळाला. त्याच्यासाठी रदबदली करणाऱ्या माल्यवानालाही मिळाला, आणि तोच पुढे गुणाढ्य म्हणून जन्मला. उःशाप असा की, ऐकलेली गोष्ट पुढे सांगितली म्हणजे सुटका. कुतूहलाने दार ओलांडले हा अपराध ठरला खरा. पण त्याला जी शिक्षा झाली ती कोणत्याही तुरुंगाची नव्हे. जे ऐकलेस ते दुसऱ्याला सांग, एवढीच ती शिक्षा!

पुढचा भाग आपणा सीमेवरच्या लोकांना अधिक जवळचा वाटावा असा आहे. सातवाहन राजाला संस्कृत येत नव्हते. जलक्रीडेत राणीने पाणी उडवू नका या अर्थी 'मोदकैः' म्हटले आणि राजाने खायचे मोदक मागविले. राणी हसली. राजा लाजला, आणि शिकण्याच्या ध्यासाने त्याने अन्नपाणी टाकले. सहा वर्षांत व्याकरण शिकवतो, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्म्याने सहा महिन्यांची पैज लावली आणि जिंकली. हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग केला, अरण्यात जाऊन पैशाची भाषा शिकला आणि त्या परक्या भाषेत सात लक्ष श्लोकांची कथा लिहिली. राजाने ती नाकारली, तेव्हा तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकू लागला. जनावरे चरणे विसरून ऐकत राहिली. अखेर राजाला कळून तो धावत आला तेव्हा एक लक्ष श्लोक उरले होते. एखाद्या भाषेला दरबारात मान नाही म्हणून तिच्यातील गोष्टी ऐकायच्या नाहीत, या हट्टापायी सहा लक्ष श्लोक जळून गेले, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

पैठणहून आपल्या कल्याणीस येऊ. अकराव्या शतकात चालुक्य राजा दुसरा जयसिंह याच्या पदरी दुर्गसिंह नावाचा संधिविग्रही होता. तह आणि युद्ध यांचे खाते सांभाळणाऱ्या या अधिकाऱ्याने कन्नडमध्ये 'पंचतंत्र' रचले आणि आपल्या ग्रंथाचे मूळ गुणाढ्याच्या कथेपर्यंत नेऊन भिडविले. पुढे बाराव्या शतकात तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या विनोदांची, म्हणजे मनोरंजनांची, जी यादी त्यात आहे तीत हत्ती-घोड्यांच्या खेळांबरोबर कथाविनोदालाही स्थान दिले आहे. आजच्या बसवकल्याणच्या किल्ल्याशेजारून एस. टी.ने जाताना हे किती जणांच्या मनात येते?

तिसरा टप्पा बिदरचा. बहमनी सुलतान अहमदशाह वली याच्या काळात, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, फख्रुद्दीन निजामी याने दखनी भाषेत 'कदमराव पदमराव' ही मसनवी लिहिली. दखनी-उर्दूतील उपलब्ध मसनव्यांत ती सर्वांत जुन्यांपैकी मानली जाते. जमील जालिबी यांनी संपादित केलेली तिची आवृत्ती १९७३ साली कराचीहून निघाली. यातील राजा कदमराव आणि त्याचा नागरूपी प्रधान पदमराव. राजाला एका जोग्याकडून परकायाप्रवेशाची विद्या शिकण्याची अनावर इच्छा होते. विद्या मिळते, पण जोगी फसवून राजाच्या देहात शिरतो आणि राजा पोपट होऊन रानोमाळ फिरतो. अखेर पदमराव त्याला ओळखतो आणि राजा आपल्या देहात परततो. पोपटात अडकलेल्या राजाची गोष्ट आम्ही लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली होती. तिला ना निजामी ठाऊक होता, ना मसनवी. ती गोष्ट या मातीत नुसतीच मुरलेली होती.

आता छापील मराठी पुस्तकांकडे वळू. येथे आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वसलेल्या घराण्यांनी अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट आहे. मुलांसाठी मराठीत छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक पुण्या-मुंबईत नव्हे, तर तंजावरास निघाले. सरफोजीराजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापाच्या गोष्टींचे 'बालबोध मुक्तावली' हे भाषांतर छापले गेले. त्यानंतर बंगालमधील श्रीरामपूर येथे वैजनाथ शर्मा यांची 'सिंहासनबत्तिशी' १८१४ साली मोडी लिपीत छापली गेली. मुंबईस सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांनी १८२८ साली 'बाळमित्र' काढले आणि दोन वर्षांनी 'वेताळपंचविशी'. 'बाळमित्र' मूळ फ्रेंच पुस्तकावरून इंग्रजीमार्गे आलेले. या पुस्तकांचा रोख बहुतांशी बोधाकडे होता. आज्ञाधारक मुलाला खाऊ आणि खोडकर मुलाला पश्चात्ताप, हा त्यांतील न्याय. नको तेथे डोकावणारे मूल त्यांत हटकून संकटात सापडते.

१८६१ साली कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' आणण्यास प्रारंभ केला. विष्णुशास्त्र्यांनी आणि नंतर हरि कृष्ण दामले यांनी ते काम पुढे नेले. या गोष्टींचा न्याय वेगळा होता. शहाजादी रोज रात्री गोष्ट अर्ध्यावर सोडते आणि 'पुढे काय?' या राजाच्या कुतूहलावर तिचा जीव तरतो. कुतूहल असलेला राजा हळूहळू क्रौर्य विसरतो, माणूस होतो. आमच्या वडिलांचे शिक्षण निजामी अमलात उर्दूतून झाले होते. तेच गारूड त्यांना लखनौच्या नवलकिशोर छापखान्याच्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'त भेटले. घरात आजीची मराठी गोष्ट, वडिलांची उर्दू गोष्ट आणि अंगणात कन्नड गोष्ट. तीन भाषांची ही शिदोरी सीमाभागातील बहुतेक जुन्या घरांत होती.

पाश्चात्त्य बालसाहित्यातील मानदंड म्हणून ज्या अद्भुत कथा ओळखल्या जातात त्यांचाही येथे विचार केला पाहिजे. ऑक्सफर्ड येथील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन यांनी ४ जुलै १८६२ रोजी नावेतून जाताना तीन लहान बहिणींना एक गोष्ट सांगितली. मधल्या बहिणीने, ॲलिसने, ती लिहून देण्याचा लकडा लावला. १८६५ साली लुइस कॅरोल या टोपणनावाने ती पुस्तकरूपाने निघाली. भा. रा. भागवतांनी तिला मराठी वेष चढविला तो 'जाईची नवलकहाणी' या नावाने. ॲलिसची जाई झाली आणि आपल्या अंगणात आली. भागवत (१९१०-२००१) यांना आपण 'फास्टर फेणे'चे जनक म्हणून ओळखतो. १९५१ साली त्यांनी 'बालमित्र' नावाचेच मासिक काढले होते. छत्र्यांच्या 'बाळमित्रा'पासून भागवतांच्या 'बालमित्रा'पर्यंतच्या सव्वाशे वर्षांत मराठी बालसाहित्य बोधाकडून नवलाकडे किती सरकले, हे या दोन सारख्या नावांवरून ध्यानी यावे.

ॲलिसच्या गोष्टीत बोध नाही, अशी तक्रार जुने शिक्षक करीत. आम्हांला तसे वाटत नाही. घड्याळ काढून पाहणारा ससा दिसताच ही मुलगी त्याच्यामागे बिळात उडी घेते. बाहेर कसे येणार याचा विचारही करीत नाही. आत गेल्यावर ती कधी इवलीशी होते, कधी छताला डोके लागेल इतकी वाढते. सुरवंट तिला तू कोण म्हणून विचारतो तेव्हा सकाळपासून इतके बदल झाले आहेत की तिला ते सांगता येत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाची हीच अवस्था नसते काय? काल लहान म्हणून दटावले, आज मोठा झालास म्हणून दटावले. न्यायसभेच्या प्रसंगी मात्र ती आपल्या पुऱ्या उंचीला येते आणि हा सारा पत्त्यांचा डाव आहे हे बोलून दाखविते. प्रश्न विचारीत विचारीत ती येथवर आलेली असते.

इटलीच्या कोलोदीचा पिनोकिओ १८८३ साली ग्रंथरूपाने आला. तो लाकडाचा बाहुला शाळा चुकवून मौजेच्या देशात जातो आणि त्याचे गाढव होते. येथे वरवर पाहता जुनाच न्याय आहे. परंतु अखेरीस त्याला माणूसपण मिळते ते बापाच्या शोधात माशाच्या पोटापर्यंत गेल्यामुळे आणि पुढे आजारी बापासाठी राबल्यामुळे. केवळ धडा पाठ केल्यामुळे नव्हे. बॅरीच्या पीटर पॅनने १९०४ साली रंगभूमीवर पाऊल टाकले व १९११ साली तो कादंबरीत आला. त्याला तर मोठे व्हायचेच नाही. तो कायम उडत राहतो आणि कालचे सारे विसरून जातो. वेंडी मात्र घरी परतते, मोठी होते आणि आपल्या लेकीला त्या बेटाची गोष्ट सांगते. ॲलिसच्या पुस्तकाचा शेवटही असाच आहे. तिची थोरली बहीण डोळे मिटून कल्पना करते की ही मुलगी पुढे बाई होईल, आणि लहान मुलांना भोवती जमवून हेच स्वप्न सांगेल.

पुष्पदंताला मिळालेला उःशाप आणि वेंडीची कहाणी, हजारो कोसांचे अंतर असूनही, एकाच ठिकाणी येऊन थांबतात. कुतूहलाने ऐकणे हे बालपण आणि ऐकलेले दुसऱ्याला सांगणे हे मोठेपण. केवळ ऐकतच राहणारा पीटर पॅन होतो. आपल्या श्रावणातील आदित्यराणूबाईच्या कहाणीत तर हे अगदी उघड सांगितले आहे. कहाणी सांगण्यासाठी उपाशी माणूस शोधायचा, सहा मोत्यांतली तीन त्याच्या हाती द्यायची, तीन आपण ठेवायची, आणि मग मनोभावे सांगायची. ऐकणाऱ्याचे दैन्य जाते. पण सांगणाऱ्यालाही श्रोता शोधीत दारोदार जावे लागते. मोती दोघांत सारखे वाटायचे आहेत, हे हातात अक्षता घेऊन आईशेजारी बसलेल्या आम्हां मुलांना तेव्हा कोठले समजायला!

आमचा जन्म राज्यपुनर्रचनेनंतरचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद व नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूर राज्यात. तेच राज्य १९७३ साली कर्नाटक झाले आणि २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी. आमचे मामा निलंग्याचे. एका रात्रीत ते परराज्यातले झाले. मोठ्या माणसांच्या बोलण्यात सीमा, आयोग, मोर्चे असत. आम्हां मुलांना मात्र सीमा कळली ती 'चांदोबा'मुळे.

मद्रासला बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये हे मासिक तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केले. १९४९ मध्ये कन्नड 'चंदमामा' आला, १९५२ मध्ये मराठी 'चांदोबा'. गोष्टी बहुतांशी तेलुगूत लिहिल्या जात आणि तेथून इतर भाषांत जात. चित्रे सर्वत्र तीच. खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेला शंकर या चित्रकाराचा विक्रम सर्व भाषांत त्याच चालीने स्मशानातून निघे. आमच्या घरी मराठी अंक येई, शेजारच्या लिंगायत घरी कन्नड. त्या घरच्या मुलाशी आमची अदलाबदल चाले. चित्र ओळखीचे आणि अक्षर अनोळखी, म्हणून आम्ही बोट ठेवून ठेवून कन्नड अक्षरे लावीत असू. तो आमची देवनागरी लावी. शाळेत कन्नड शिकविण्यापूर्वीच आम्हांला ती अशी वाचता येऊ लागली. पुढे नोकरीत ज्या कन्नडने आम्हांला पस्तीस वर्षे पोसले, तिची धूळपाटी ही होती. कुवेंपूंचा किंदरिजोगी आम्ही नंतर पाठ केला. त्याच्या पुंगीमागे धावणाऱ्या मुलांत आम्हीही होतो. मराठी आणि कन्नड यांचे भांडण आहे, हे आम्हांला बऱ्याच उशिरा, वर्तमानपत्रांतून कळले.

येथपर्यंतचे सांगणे सुखाचे आहे. यापुढचे सांगताना संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. आमचा मुलगा नववीत असताना परीक्षेच्या तोंडावर त्याच्या उशाखाली 'चांदोबा' सापडला. आम्ही त्या वेळी बदलीच्या गावी होतो, कामाचा ताण होता. "राक्षस आणि पऱ्या वाचून पोट भरणार आहे का?" असे विचारून आम्ही घरातील सगळे अंक, दोन पिढ्यांनी जपलेले, रद्दीवाल्यास वजनावर दिले. आमच्या नोकरीतील अनेक हुकुमांचा आम्हांला विसर पडला आहे. हा मात्र पडत नाही. मुलगा काही बोलला नाही. तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, अभियंता झाला. मराठी तो बोलतो, पण त्यानंतर त्याने मराठी पुस्तक हाती धरल्याचे आम्ही पाहिले नाही. त्याच्या मुलीच्या हाती आले ते ट्रंकेच्या तळाशी नजरेतून सुटलेले एकुलते एक मासिक. नवे मागवावे म्हटले तर ते मासिकच या शतकाच्या दुसऱ्या दशकात बंद पडले.

आपल्या मंडळाच्या बैठकांतून नव्या पिढीने मराठी सोडल्याची खंत नेहमी व्यक्त होते. शाळा, सरकार, दूरदर्शन, भ्रमणध्वनी यांवर ठपका ठेवला जातो. त्यांत तथ्य नाही असे नाही. परंतु आपण मुलांपुढे मराठी ठेवली ती कर्तव्य म्हणून, घराण्याची अब्रू म्हणून. नात घरात आली की आपण तिला मराठी बोल म्हणून बजावतो. पण मराठीत बिळात उडी मारावी असे काय आहे, ते दाखवीत नाही. कर्तव्याने मूल भाषा टिकवीत नसते. 'पुढे काय?' या ओढीने ते कोणतीही लिपी लावते; आम्ही तशीच लावली होती. कन्नड आणि इंग्रजी येणाऱ्या मुलाला मराठी ही चौथी खोली आहे. दार किलकिले ठेवून आतून गोष्ट ऐकू आली तर ते पुष्पदंतासारखे आपणहून शिरेल.

वेताळाची अट वाचकांस ठाऊक आहेच. उत्तर जाणत असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील. आणि तो बोलला की मौन मोडून वेताळ पुन्हा झाडावर. लहानपणी आम्हांला राजाची कीव येई, की बिचाऱ्याला बोलूनही सुटका नाही. आता वाटते, त्याचे पुन्हा पुन्हा झाडाकडे परत जाणे हेच मोठ्या माणसाचे काम आहे. आपल्यापैकी साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळांच्या खांद्यावर आजीच्या, वडिलांच्या, अंगणातल्या अशा गोष्टी आहेत. जाणून गप्प बसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्या दिवाळीच्या दुपारी आम्ही नातीला म्हटले, "राजाचं उत्तर मी विसरलो. तू राजा असतीस तर काय म्हणाली असतीस?" तिने थोडा विचार केला आणि अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये उत्तर दिले. ते आम्हांला पटले नाही. आम्ही दुसरे सुचविले. ते तिला पटले नाही. वाद संध्याकाळच्या दिव्यापर्यंत चालला. नंतर ती म्हणाली, "आता दुसरी सांगा." आम्ही पोपटात अडकलेल्या राजाची गोष्ट सुरू केली. हल्ली दर रविवारी रात्री बंगळूरहून दूरध्वनी येतो, आणि मागच्या वेळी गोष्ट कोठे थांबली होती हे तिला आमच्यापेक्षा चांगले आठवत असते.